आधी मातीला लागू दे

आमच्या क्लबने कप फार जिंकले नाहीत. जे जिंकले ते व्यायामशाळेच्या कपाटात आहेत आणि त्यातल्या दोन कपांचे कान तुटलेत. पण कोणी क्लबचा इतिहास विचारला की मी कपाट उघडत नाही, भिंत दाखवते. सध्या मी क्लबची सेक्रेटरी आहे. निवडून वगैरे आलेले नाही. दोन गटांतले पुरुष एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि दोन्हीकडे सारखंच भांडू शकेल असं माणूस हवं होतं, म्हणून मी.

लालबाग आणि परळच्या मधल्या आमच्या चाळींत फुटबॉल आला तो शिवडीहून. तिथल्या गोदामात कामाला असलेल्या एकाने कुठल्याशा बोटीवरून उतरलेला चामड्याचा जुना बॉल घरी आणला. त्याला बुटासारखी नाडी होती. हुतूतू आणि क्रिकेटच्या मुलखात तो बॉल बघून म्हातारे म्हणाले, देवाने हात दिले असताना पायाने खेळायची दुर्बुद्धी कोणाला सुचली? सुचली त्यांत माझे वडील होते. ते शेजारच्याच मिलमध्ये साचेखात्यात, मागांवर, कामाला होते. त्यांच्या टीमने पहिल्या जर्सी हिंदमाताच्या कापडाच्या दुकानांतून उरलेले तुकडे आणून शिवल्या. तुकडे निळ्याच्या दोन छटांचे निघाले. लांबून बघणाऱ्याला आमचीच पोरं आपापसांत खेळतायत असं वाटायचं, आणि पासिंग बघितलं की जवळून बघणाऱ्यालाही तसंच वाटायचं.

ग्राउंड आपलं म्हणायचं म्हणून ग्राउंड. तीन बाजूंना चाळी, चौथ्या बाजूला मिलची भिंत. जमीन एका अंगाला उतरती, त्यामुळे पावसाळ्यात एक हाफ चिखलात आणि दुसरा कोरड्यात खेळायचा. मधे मांडवाच्या वाशांचे खड्डे. गणपतीच्या मांडवाचे आणि आंबेडकर जयंतीच्या मांडवाचे वासे त्याच खड्ड्यांत उभे राहतात, त्यावरून कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. बाहेरून खेळायला आलेल्यांचे पाय मात्र हमखास त्यांत मुरगळत. याला आम्ही होम ग्राउंडचा फायदा म्हणत असू.

भिंत दोन पुरुष उंच, काळ्या दगडाची, वर काचा लावलेली. तिच्या पुढ्यातच एक गोल. फटका जरा उंच गेला की बॉल मिलमध्ये. भिंतीवर चढायचं नाही असा नियम होता. चढायचं नाही, डोकावायचं नाही, नुसतं ओरडायचं, "ओ मामा, बॉल!" तीनदा. मग थांबायचं. पलीकडून कोणीतरी बॉल परत फेकायचं. प्रत्येक वेळी नाही, पण बहुतेक वेळा.

त्या काळी मुली खेळत नसत. पण माझा आवाज खणखणीत होता आणि आमची खोली भिंतीच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर. त्यामुळे हाक मारायचं काम माझ्याकडे आलं. बॉल गेला की पोरं वर बघायची आणि मी गॅलरीतून ओरडायचे. गॅलरीतूनही भिंतीपलीकडची कड दिसत नसे. मिलची पत्र्याची छपरं तेवढी दिसत. बॉल कोणी फेकला हे मी कधी बघितलं नाही, आणि मामा कोण हेही कोणी मला सांगितलं नाही.

दुसरा नियम वडिलांचा. नव्या पोराला ते सगळ्यात आधी हाच शिकवत, बॉल कसा मारायचा ते नंतर. पलीकडून आलेला बॉल हवेत झेलायचा नाही. "आदी मातयेक लागांदे, मगे धर." एक टप्पा पडू द्यायचा, मग पायाने अडवा नाहीतर हाताने उचला. का, असं मी विचारलं की ते म्हणत, हवेतला घेतला म्हणजे त्याच्या हातातून आपण हातात घेतला. मग तो आपल्याला हाक मारतो. आणि कोकणातल्या प्रत्येक बापासारखं पहिल्या हाकेला ओ न देण्याचंही पुढे जोडत, "आणि पयल्या हाकेक ओ देव नको गो चेडवा. कोणाच्याच."

पुढे संप झाला, मिल बंद पडली. दारं लागली, भोंगा थांबला, वडील घरी बसले. बॉल परत येणं थांबलं नाही. कारणांची आम्हाला कधी टंचाई नव्हती. आधी म्हणाले, वॉचमन आहेत. वॉचमन गेले तेव्हा म्हणाले, आत गर्दुल्ले राहतात. छपरं उतरवली, चिमणी पाडली, तेव्हा पाडकाम करणारे मजूर होते. कारण नेहमीच हजर असायचं. फक्त या सगळ्यांनी फेकलेला बॉल एकसारखाच कसा यायचा, ते कळत नसे. भिंतीच्या बरोबर मधून, फार जोरात नाही, फार हळू नाही, समोर लहान मूल आहे हे ठाऊक असल्यासारखा.

वडिलांच्या नियमाला मी हसले असते, पण एका गोलकीपरचं मी स्वतः बघितलं होतं.

मिल बंद होऊन थोडेच दिवस झाले असतील. मी शाळकरी होते. आमच्याच मजल्यावरचा मुलगा गोलमध्ये असायचा. लांब हातांचा, मितभाषी, एकुलता एक. एकदा मी हाका मारल्या, बॉल आला आणि त्याने तो हवेतच घेतला. मुद्दाम नाही. अंगावर येणारा बॉल जमिनीला लागायच्या आत धरणं हेच तर आपण गोलकीपरला घोटून घोटून शिकवतो. पुढचे काही दिवस तो हसत सांगायचा की भिंतीमागून मला कोणीतरी नावाने बोलावतं. आणि मग एका दुपारी, चालू खेळात, तो मागे वळला. "ओ, आलो," म्हणाला. बोलावणाऱ्याचा आदर ठेवून, अगदी साध्या आवाजात. भिंतीच्या कडेकडेने चालत गेला आणि चाळीच्या कोपऱ्यावरून वळला. मी गॅलरीतच होते. त्याची ओ मी ऐकली. हाक ऐकली नाही.

तो परत आला नाही. त्याच्या चपला गोलपोस्टजवळ होत्या. मोठ्या माणसांनी मिल उघडायला लावून आत शोधलं, भायखळ्यापर्यंतचे दवाखाने पालथे घातले, गावी माणूस पाठवला. मग सगळ्यांनी ठरवलं की संपाला कंटाळून पोरगा कुठे कामाला पळाला असणार. तेव्हा खूप पोरं पळाली होती, त्यामुळे ते पटण्यासारखंच होतं. त्याची आई पुढे कित्येक वर्षं दुपारच्या जेवणाचं एक ताट झाकून ठेवायची. मी त्या घरावरून जाताना धावत जायचे.

आता माझी मुलगी गोलमध्ये उभी राहते.

मुलींची टीम काढली ती मीच, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? पोरांनी सकाळ आणि संध्याकाळ आधीच धरून ठेवलेली, म्हणून मुलींच्या वाट्याला रविवारची दुपार आली. उन्हात खेळून पोरी काळ्याठिक्कर पडतात आणि त्यांच्या आया माझ्या नावाने बोटं मोडतात. माझी मुलगी अठरा वर्षांची आहे. उंच, उद्धट, हातात जादू. यंदा तिला जिल्ह्याच्या निवडीला बोलावलंय, आणि ती झोपेतसुद्धा हात पसरून पडते.

भिंतीपलीकडे आता टॉवरसाठी खणलेला खड्डा आहे. तीन मजले पार्किंग होणार होतं. मग कोर्टात काहीतरी अडकलं आणि काम थांबलं. खड्ड्यात पाणी भरलंय. मजूर गेले. रस्त्याच्या बाजूला, पार दुसऱ्या टोकाला, एक वॉचमन बसतो. म्हणजे कारण म्हणून पुढे करायला आता कोणी उरलेलं नाही. यंदा बॉल गेला की गेलाच, हे आम्ही धरून चाललो होतो, त्यामुळे वडिलांचा नियम पोरींना सांगायचा राहूनच गेला. तरी पोरी हाका मारतात. सवय.

त्या रविवारी मी कडेला खुर्ची टाकून वाल सोलत बसले होते. बारा वाजून गेले असतील. बॉल भिंतीवरून गेला. पोरी सुरात ओरडल्या, "ओ मामा, बॉल!" तिसऱ्या हाकेनंतर एक पाणी प्यायला गेली, दोघी खाली बसल्या. आणि बॉल आला. भिंतीच्या बरोबर मधून, फार जोरात नाही, फार हळू नाही. माझी मुलगी वळली, दोन पावलं मागे गेली आणि उडी मारून तिने तो डोक्यावर झेलला. ग्लोव्हजचा आवाज झाला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मांडीवरचं ताट कधी पालथं झालं मला कळलं नाही.

आमचे कोच समोरच्या चाळीत राहतात. वडिलांबरोबर सेंटर हाफ खेळायचे, आता सत्तरीपलीकडे गेलेत. मी त्यांना काका म्हणते. त्यांच्या घरात बाबासाहेब आणि बुद्ध, बाकी कोणाला जागा नाही. नवस, अंगारा, लिंबू-मिरची यांवर ते असं काही बोलतात की समोरच्याने घरी जाऊन दारावरचं लिंबू काढावं. ते शिटी न वाजवताच मैदानात आले.

"बॉल खाली ठेव, बाळा," ते तिला म्हणाले. "आजचं झालं. घरी जा."

मुली पांगल्यावर मी विचारलं, "काका, तुम्ही मानता का हे?"

"मी देव मानत नाही, भूत मानत नाही. तुला माहितेय."

"मग?"

"मग काय? मानत नाही म्हणजे पोरीला त्या गोलमध्ये उभी करू काय?" ते चिडूनच बोलले. बॉलकडे बघत बसले. बॉल ओला नव्हता. पाण्याने भरलेल्या खड्ड्यातून आलेला बॉल कोरडा ठणठणीत होता. "तुझा बाप एक सांगायचा. मी नाही सांगत, तुझा बाप सांगायचा. ज्याने झेलला त्याच्या घरच्या माणसाने तोच बॉल पलीकडे नेऊन खाली ठेवायचा. फेकायचा नाही, ठेवायचा. मग हाक येत नाही. त्या वेळी मी त्या पोराच्या आईला हे सांगायला गेलो होतो. तिच्या दारातून परत आलो. म्हटलं, शिकलेला माणूस मी, काय सांगू?"

आठवडाभर मी स्वतःशी भांडले. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी अर्धा दिवस काउंटरवर बसते. तिथे तापाला देवीचा कोप म्हणणाऱ्यांना मी झाडत असते. आणि रात्री मुलगी झोपली की आमच्या दाराला आतून कुलूप घालत होते. तिला म्हटलं, या रविवारी जाऊ नकोस. ती म्हणाली, निवड तोंडावर आलीय, तू सेक्रेटरी आहेस की शत्रू? मी घाबरले होते. सरळच सांगते, मी जन्मात इतकी घाबरले नव्हते.

रविवारी ती ग्राउंडवर गेल्यावर मी पिशवीत तो बॉल घातला आणि मोठ्या रस्त्याने वळसा घालून साइटच्या गेटवर गेले. काकांशिवाय कोणाला सांगितलं नाही. वॉचमन बिचारा परप्रांतातला, एकटाच. "मॅडम, उधर कुछ नहीं है, पानी है," म्हणाला. मी म्हटलं, बॉल शोधायचाय. त्याने विचित्र नजरेने माझ्या पिशवीकडे बघितलं. त्यात बॉलचा आकार स्पष्ट दिसत होता. पण जाऊ दिलं.

पत्र्यांच्या मागून, सळ्यांमधून वाट काढत मी भिंतीपाशी पोचले. एवढं आयुष्य जिच्यावरून ओरडले, तिची ही बाजू मी पहिल्यांदा बघत होते. आणि तिथे उभं राहायला जागाच नव्हती. भिंतीच्या बुडाशी जुन्या मातीची जेमतेम हातभर कड शिल्लक होती, बाकी थेट खाली खड्डा. पाणी हिरवं, हलत नव्हतं. त्यात आमचे बॉल तरंगत होते, खूप होते. जे आजवर परत आले नाहीत ते सगळे असावेत, काहींचा रंग ओळखू येत होता. या कडेवर उभं राहून एवढ्या उंच भिंतीवरून बॉल फेकणं कोणाला शक्य आहे, हे मला कळेना. हात मागे घेतला तरी तोल जाईल.

मी भिंतीला पाठ घासत आडवी आडवी सरकत मधोमध गेले. पलीकडे मुली खेळत होत्या. त्यांचे आवाज इतके जवळून येत होते की कानाशी कोणी बोलतंय असं वाटावं. कोणाचा दम लागलेला कळत होता. आम्ही गॅलरीतून काय काय बोलायचो, ते सगळं इथे ऐकू येत असणार.

मी खाली वाकायला लागले, बॉल ठेवायला. तेवढ्यात डोक्यावरून दुसरा बॉल आला आणि खाली पाण्यात पडला. आणि सगळ्यांत वर माझ्या मुलीचा आवाज, "ओ मामा, बॉल!"

मी तशीच थांबले.

"ओ मामा, बॉल!"

तिसऱ्या वेळी ती एकटीच ओरडली. हसत नव्हती. मनापासून मागत होती. निवड तोंडावर, सरावाला बॉल दुसरा नाही, हे मला तर ठाऊकच होतं, बॉलचं सामान मीच आणते. माझी मुलगी पलीकडून बॉल मागतेय आणि मी हातात बॉल धरून उभी. कुठल्या आईला जमलं असतं? मी फेकला.

कसा फेकला, विचारू नका. माझा खांदा धरलेला असतो, केस विंचरताना दुखतो. पण बॉल हातातून सहज गेला, काचांच्या वरून, मला न शोभेल इतका नीट. आणि मी कान लावले. टप्पा पडला. एक, स्पष्ट, मातीवरचा. मग ग्लोव्हज. माझा जीव भांड्यात पडला. काकांनी आठवडाभर तिच्या कानीकपाळी ओरडून ते शिकवलं होतं. मी तोंडातून शब्द काढला नाही. काढायची हिंमत नव्हती आणि तिला कळूही द्यायचं नव्हतं. तशीच सरकत सरकत बाहेर आले आणि घरी येऊन आमटीला फोडणी घातली.

ठेवायचा होता तो बॉल मी परत फेकून दिला, हे माझ्या लक्षात आलं ते मोहरी तडतडल्यावर.

ती आली. चपला काढल्या, हातपाय धुतले, ताटावर बसली. भात कालवत राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही गं." मग थोड्या वेळाने, "आई, आज भिंतीमागून कोणीतरी मला हाक मारली. बॉल आला त्याच्या आधी. बाकी कोणी ऐकली नाही."

"काय म्हणून?"

तिने आपलं घरातलं नाव सांगितलं. ते नाव माझ्या वडिलांनी ठेवलेलं आहे. ते गेल्यापासून ते फक्त मी घेते, तेही दार लावल्यावर, कारण मैत्रिणींसमोर घेतलं तर ती माझ्याशी दिवसभर बोलत नाही.

"ओ दिलीस?"

"देणार होते. पण घाबरले. अंगावर काटाच आला, आई." आणि ही माझी उद्धट, वाघासारखी मुलगी ताटावर रडायला लागली. तिने दोन्ही हात तोंडावर धरले. ज्या हातांवर तिचं सगळं उभं आहे ते.

मला तिला उचलून पोटाशी घ्यावंसं वाटलं. दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, "अगं वेडे, ती मीच होते."

तिने वर बघितलं. मी सगळं सांगितलं. साइटवर गेले होते, बॉल मीच फेकला, हाकही मीच मारली. बॉल तर मीच फेकला होता, त्यामुळे तोंडावर खोटं दिसलं नसावं. वॉचमनने पिशवीकडे कसं बघितलं ते मी रंगवून सांगितलं. ती हसायला लागली. रडता रडता हसली, नाक पुसलं, वर आमटी मागून घेतली. म्हणाली, या वयात भिंतीमागे शिरतेस, हातपाय मोडून घे एकदा. मला एवढं बरं वाटलं की मीही पोटभर जेवले.

ताट उचलून ती मोरीकडे गेली आणि तिथूनच म्हणाली, "मग आधी सांगायचं ना. मी उगाच घाबरून गप्प बसले. आता परत हाक मारलीस ना, तर ओ देईन."

मी आमटीवर झाकण ठेवलं. खरं सांगायचं तर मग हाक कोणी मारली तेही सांगावं लागलं असतं.

तेव्हापासून मुलींच्या सरावाला मी एकही रविवार चुकवलेला नाही. खुर्ची घेत नाही, वाल आणत नाही. गोलमध्ये उभी असताना तिची पाठ भिंतीकडे असते आणि तोंड मधल्या रेषेकडे, म्हणून मी मधल्या रेषेवर उभी राहते. उन्हात, चष्मा लावून, तिच्या नजरेसमोर, भिंतीमागे मी नाही हे तिला दिसावं म्हणून. पोरी म्हणतात, सेक्रेटरींना आता फुटबॉलचं वेड लागलं. काका छत्री आणून देतात. खेळ चालू असताना मी ओठ घट्ट मिटून ठेवते आणि तिला ते दिसतील अशीच उभी राहते.